वही दाखवणारी मैत्री



घाटावरून आणि कोकणातून या विज्ञान संमेलनाला आलेल्या शिक्षक, विद्यार्थी आणि विज्ञानप्रेमींचं पळसदरीत मनापासून स्वागत करतो. पहाटेच्या थंडीत कर्जतला गाडी बदलून, खोपोली लोकल गाठून आपण इथवर आलात. ही लोकल चुकली की काय हाल होतात ते आम्ही रोज भोगतो, त्यामुळे आपल्या येण्याचं मोल आम्हाला ठाऊक आहे. उभी हयात याच कर्जत तालुक्यात विज्ञान शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला स्वागताध्यक्ष करण्यात आलं, हा गावकऱ्यांचा मोठेपणा.

यजमानानं गावाची ओळख करून द्यायची रीत आहे. आमचं गाव लहान. तळं आहे, स्वामी समर्थांचा मठ आहे, पावसाळ्यात धबधबे आहेत. स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचा हा तालुका. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर दोघांना वीरमरण आलं. त्यांना वंदन केल्याशिवाय इथला कुठलाही कार्यक्रम सुरू होत नाही. आणि पळसदरीची खरी ओळख म्हणजे रेल्वे. इथे खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि मुख्य मार्ग बोरघाट चढू लागतो. 1863 साली हा घाट खुला झाला. 37 फुटांमागे एक फूट इतका खडा चढ, म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात.

याच रुळांवरून आजच्या विषयाकडे जाता येतं. हे संमेलन आपण खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांच्या स्मृतीला वाहिलं आहे. 20 मे 2025 रोजी त्यांचं पुण्यात निधन झालं. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’. वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं. त्यातल्या शेवटच्या दोहोंना जोडणारा लोहमार्ग आपल्या मंडपामागून जातो. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक एका वेगळ्याच जगात जाऊन पडतात. त्या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. पंत पुण्याहून आगगाडीनं मुंबईला निघतात. राज्यकर्ते बदललेले, गाडी बदललेली. घाट मात्र त्यांच्या ओळखीचाच. गाडी कर्जतला क्षणभर थांबते आणि सुसाट सुटते. म्हणजे त्या बदललेल्या इतिहासातही पंत पळसदरीवरून गेलेच! लेखकानं आमचं नाव घेतलं नाही, पण आम्ही ते गृहीत धरलं आहे.

मित्रहो, कॉलेजातला एखादा जिवलग परदेशी शिकायला गेला, तिथेच रमला, अशी आठवण आपल्यापैकी अनेकांपाशी असेल. त्याच्याबद्दल बोलताना आपण त्याची पदवी सांगतो, हुद्दा सांगतो. नारळीकरांचंही तसं सांगता येईल. 1957 साली काशी हिंदू विद्यापीठाची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. वडीलही तिथलेच रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले. मुलगा 1959 साली सीनियर रँग्लर झाला, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली 1963 साली पीएचडी झाला आणि पुढे तिथेच संशोधन करत राहिला. 1972 साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि 1988 साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला आज त्यांच्या विद्यापीठातल्या एका मैत्रीबद्दल बोलायचं आहे.

1961 साली इंग्लंडमधल्या हर्स्टमोन्सो इथे ग्रीनिच वेधशाळेनं उन्हाळी वर्ग भरवला होता. तिथे ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी प्रश्नांवर प्रश्न विचारत असे. त्याचं नाव स्टीफन हॉकिंग. नारळीकरांशी त्याची ओळख तिथली. दोघं टेबल टेनिसही खेळले. पुढच्याच वर्षी हॉकिंग केंब्रिजला दाखल झाले. त्यांना हॉइल यांच्याच हाताखाली काम करायचं होतं, ते जमलं नाही. पण नारळीकरांची खोली जवळच होती, जाणं-येणं होतं आणि हॉइल-नारळीकर सिद्धांताची आकडेमोड हॉकिंग यांना बघायला मिळत होती.

काय होता तो सिद्धांत? वस्तूचं वस्तुमान ही तिची एकटीची मिळकत नव्हे; विश्वातल्या इतर सगळ्या कणांच्या प्रभावातून ते ठरतं. 1964 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल यांनी तो मांडला. भाषण संपलं आणि हॉकिंग काठीच्या आधारानं उभे राहिले. आजारानं तेव्हा त्यांना गाठलंच होतं. प्रसरण पावणाऱ्या विश्वात या प्रभावांची बेरीज अनंत होते, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. तुम्हाला कसं कळलं, असं हॉइल यांनी विचारलं. मी गणित करून पाहिलं, असं उत्तर आलं.

आता नारळीकरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपण विश्वासानं वही दाखवावी आणि मित्रानं त्यातली खोट आपल्या गुरूसमोर चव्हाट्यावर मांडावी! आपल्याकडे एवढ्यावर दोन घरांचं येणं-जाणं बंद होतं. इथे तसं काही झालं नाही. हॉकिंग यांनी आपला आक्षेप रीतसर निबंधात मांडला. नारळीकरांनीही आपला मार्ग सोडला नाही. विश्वाच्या जन्माचा महास्फोटाचा सिद्धांत जगानं उचलून धरला, तरी ते अखेरपर्यंत त्याला प्रश्न विचारत राहिले. 2018 साली हॉकिंग गेले तेव्हा नारळीकरांनी त्यांच्या आठवणी सांगितल्या आणि त्या टेबल टेनिसचीही आठवण काढली.

मला या मैत्रीचं मोठेपण वही दाखवण्यात दिसतं. चूक दाखवणारा धीट असतोच. पण अर्धवट, कच्चं काम दुसऱ्यापुढे ठेवणाऱ्याला जास्त धीर लागतो. मी माझ्या वर्गात मुलांना वह्या झाकून लिहिताना बघत आलो. शेजारच्यानं बघू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा. शिक्षकही काही वेगळे नाहीत. फसलेला प्रयोग आपण कुणाला दाखवत नाही; जमलेल्याचाच फलक भिंतीवर लावतो. या दोन दिवसांत निदान हा आडोसा काढू या, एवढीच माझी विनंती आहे. म्हणून दुपारचं सत्र आम्ही मुद्दाम फसलेल्या प्रयोगांसाठी ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट. शाळेतली मुलं स्वाक्षरी मागायला आली की नारळीकर त्यांना म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. तशी उत्तरं येतही. नावनोंदणीच्या टेबलावर आम्ही पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवला आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक घ्यावं, प्रश्न लिहावा आणि आपला पत्ता टाकावा. वक्त्यांनी ती कार्डं उत्तरासह टपालात टाकायचं कबूल केलं आहे. त्यांना मी आता साक्षीदारांसमक्ष बांधून घेतोय!

रात्री तळ्याकाठी दुर्बिणी लागतील. त्याआधी पोपटी आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. जेवणात इथल्याच भात संशोधन केंद्रानं काढलेल्या कर्जत वाणाचा भात आहे. राहण्याची सोय शाळेच्या वर्गांत आहे. पांघरुणं पुरेशी आहेत, थंडी मात्र आमच्या हातात नाही. काही उणं राहिलं तर कार्यकर्त्यांना हक्कानं सांगा, मनात ठेवू नका. चूक तोंडावर सांगण्याची सवय तिथपासूनच लागू द्या.

आपणा सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांना उद्घाटनाची विनंती करून माझे शब्द संपवतो.