टोपड्याचे माप

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामकाजाचे आकडे आपल्या हाती असलेल्या अहवालात आहेतच. ते येथे पुन्हा वाचून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आकड्यांवरच आमचा चरितार्थ चालला. तरीही आज ज्या हिशेबाविषयी बोलावयाचे आहे, तो आमच्या लेखा विभागाने लिहिलेला नाही. तो एका शंभरपानी वहीत, निळ्या शाईने, आपल्या चिखलीतील एका निवृत्त शिक्षिकेने लिहिला आहे. त्यांचे नाव सांगू नये अशी त्यांची अट आहे. ती आम्ही पाळीत आहोत. आपण त्यांना बाई म्हणू, कारण अर्धे चिखली त्यांना बाईच म्हणते.

बाईंना विणकामाचा छंद आहे. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा देशभर घराघरांतून सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर, मोजे विणले गेले. बाईंच्या आईनेही विणले. लोकरीची लडी दोन हातांवर ताणून धरायची आणि आईने तिचा गुंडा करायचा, हे बाईंचे पहिले शिक्षण. पुढे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत सुया मागे पडल्या. निवृत्तीनंतर त्या पुन्हा हाती आल्या.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात बाई आपल्या रुग्णालयात आल्या. सोबत ४० लोकरी टोपडी होती. गुलाबी, आकाशी, पोपटी. प्रत्येकाला शेंड्यावर गोंडा आणि हनुवटीखाली बांधायला साटिनची फीत. आम्ही त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, छायाचित्र काढले, वस्तुरूप देणगीच्या नोंदवहीत ‘टोपडी, नग ४०’ अशी नोंद केली आणि रीतसर पावती दिली. प्रशासन म्हणून आमचे काम तेथे संपले, असे आम्ही मानले.

दुसऱ्या दिवशी नवजात शिशू विभागाच्या प्रमुख सिस्टरांनी कळविले की टोपडी सुंदर आहेत, पण आमच्या बाळांना चालणार नाहीत. बाईंनी माप घेतले होते आपल्या नातवाचे. तो पूर्ण दिवसांचा, तीन किलोंहून अधिक वजनाचा. अशा बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर भरतो. ज्यांना टोपड्याची खरी निकड असते ती दीड किलोची बाळे. त्यांचा घेर २८-२९ सेंटिमीटरच्या आसपास. मोठे टोपडे डोळ्यांवर, नाकावर घसरते. फीत गळ्याशी आवळू शकते. सिस्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. आम्ही मात्र म्हणालो, “बाईंना हे कळवू नका, त्यांचे मन दुखावेल.” आणि ती ४० टोपडी कपाटात गेली.

त्याच पौषातली एक रात्र आम्हांला आठवते. बुलडाण्याच्या पठारावरचा गारठा आपणांस ठाऊक आहे. सिंदखेडराजाकडच्या एका खेड्यातून कमी दिवसांचे बाळ आले होते. त्याच्या आजीने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्याच्या डोक्याला गुंडाळला होता. आम्ही फेरीवर असताना तिने विचारले, “टोपडं हाय का जी एखांदं, लेकराच्या डोक्याच्या मापाचं?” आम्ही नाही म्हणालो. ते खरेच होते. कपाटात ४० टोपडी होती आणि त्या लेकराच्या मापाचे एकही नव्हते. बाळ पुढे वाचले, वाढले, घरी गेले. पण त्या आजीचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

दहा महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, बाई पुन्हा आल्या. आणखी टोपडी विणण्याआधी आधीची कशी वापरली जातात ते पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. सबब सांगण्यासारखी उरली नव्हती. आम्ही कपाट उघडले. टोपडी जशी आली तशी घडी घालून ठेवलेली होती. बाई काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “साहेब, तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत. पण खरंही सांगितलं नाहीत. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं तर मी त्याच्या वहीत लाल खूण करत असे. तुम्ही मला शाल दिलीत.”

हा दोष पूर्णतः आमचा होता, आणि तो या सभेत मान्य करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाईंनी त्यानंतर सिस्टरांकडे मोजपट्टी मागितली. तो सबंध दुपारचा वेळ त्या विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहून घेत होत्या. सिस्टरांनी त्यांना जे सांगितले ते आपणां सर्वांच्या उपयोगाचे आहे.

नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, म्हणून उघड्या डोक्यावाटे पुष्कळ उष्णता निघून जाते. कमी वजनाच्या बाळाजवळ ती भरून काढण्याइतकी चरबी नसते. त्याला सर्वांत चांगली ऊब मिळते ती आईच्या उघड्या छातीशी. ‘कांगारू मातृसेवा’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू केली. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, टोपडे आणि पायमोजे एवढेच असते. टोपडे हे आईच्या उबेला साहाय्य करते; तिची जागा घेत नाही.

म्हणून नियम ठरले. गोंडा नको, फीत नको, बटण नको, मणी नको. काठाला एक सुलट, एक उलट टाक्यांची पट्टी हवी, म्हणजे ती ताणली जाते आणि बाळ वाढले तरी टोपडे बसते. मोज्यांच्या आतल्या बाजूस धाग्याचे एकही टोक लोंबू नये; बाळाच्या बोटाभोवती धागा गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो आणि रडण्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. कापड गरम पाण्याने धुता येणारे हवे. अस्सल लोकर तशी धुतली तर आटून घट्ट होते, म्हणून बाजारातील ॲक्रिलिक बरे. आणि उन्हाळ्यासाठी सुती दोरा, कारण आपल्या भागात वैशाखात बाळ गारठण्याइतकेच तापण्याचेही भय असते.

बाईंनी ती ४० टोपडी घरी नेली आणि उसवली. उसवलेली लोकर वाया जात नाही, हा या कलेचा मोठा गुण. पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात, तशी बाईंनीही घातली आणि पानावर तीन रकाने आखले: घरचे, विक्रीचे, दवाखान्याचे. यंदाच्या दिवाळीला वर्ष पूर्ण झाले, तेव्हा ती वही त्यांनी आमच्यापुढे ठेवली.

घरच्या रकान्यात सात नग आहेत. यजमानांचा बिनबाह्यांचा स्वेटर, सुनेची शाल, नातवंडांचे चार स्वेटर आणि पुण्याच्या मुलीसाठी एक जाकीट. त्यासमोर शेरा आहे: ‘बाह्या आखूड. फोनवर माप विचारले, तिने अंदाजे सांगितले. उसवून पुन्हा.’

विक्रीच्या रकान्यात २३ नग आहेत. बाळाचे संच ९, मुलांचे स्वेटर ६, मफलर ८. विक्री ११,४०० रुपये, लोकरीचा खर्च ३,२०० रुपये, शिल्लक ८,२०० रुपये. आम्ही व्यवसायाच्या सवयीने विचारले, तास किती लागले? त्यांनी तेही लिहिले होते: ३६०. म्हणजे ताशी सुमारे २३ रुपये पडले. यंत्रावर विणलेला स्वेटर बाजारात याहून स्वस्त मिळतो आणि गिऱ्हाईक ते तोंडावर सांगते. बाई घासाघीस करीत नाहीत. ज्याला हवा त्याने न्यावा, एवढेच म्हणतात. मात्र उधारी नाही.

दवाखान्याच्या रकान्यात ६४ टोपडी आणि ६४ पायमोज्यांचे जोड आहेत. तीन मापांत. हिवाळ्यात लोकरीचे, चैत्रात रेणुकामातेच्या यात्रेच्या सुमारास मांडीवर लोकर ठेववेना, तेव्हापासून सुती. जुनी लोकर उसवलेली असल्याने नवा खर्च ९०० रुपयेच आला. घरच्या लोकरीला २,४०० लागले. हे सर्व विक्रीच्या शिलकेतून भागले आणि ४,९०० रुपये उरले. त्यांतून बाईंनी स्वतःला नवा चष्मा घेतला आणि बाकी पुढील वर्षाच्या लोकरीसाठी ठेवली. चष्म्याची नोंद त्यांनी जरा संकोचाने दाखविली. आम्हांला ती वहीतील सर्वांत शहाणपणाची नोंद वाटली. देणाऱ्याचे डोळे शाबूत राहिले तरच देणे चालू राहते.

एका टोपड्या-मोज्यांच्या संचाला पाच तास धरले, तर ६४ संचांचे ३२० तास होतात. आमच्या नोंदवहीत त्यांची किंमत शून्य आहे, कारण वस्तूची पावती होते, तासांची होत नाही. ही उणीव कोणत्याही लेखापद्धतीने भरून निघेल असे आम्हांला वाटत नाही. पण दुसरी एक उणीव भरून काढणे आमच्या हाती होते. वस्तुरूप देणग्यांच्या नोंदवहीत आजवर चार रकाने होते: दिनांक, दात्याचे नाव, वस्तू, नग. यंदा आम्ही पाचवा आखला आहे: ‘उपयोग’. वस्तू कोठे गेली, कामी आली की नाही, आली नसेल तर का, हे तीन महिन्यांच्या आत संबंधित विभागाने लिहावयाचे आणि आम्ही दात्यास कळवावयाचे. कपाटात ठेवून आभार मानण्याची पद्धत बंद केली आहे.

माप विचारून देण्याची ही रीत इतरत्रही दिसते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील आरोग्यदूतांच्या हाती वजनकाटा, औषधे आणि बाळासाठी उबदार पिशवी दिली. घरोघरच्या या सेवेने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पिशवी एकटी नव्हती. तिच्यासोबत बाळाला मोजणारे, पुन्हा पुन्हा येऊन पाहणारे माणूस होते. मुंबईत ‘साईशा इंडिया फाउंडेशन’च्या महिला, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत स्तन गमावलेल्या भगिनींसाठी सुती दोऱ्याचे कृत्रिम स्तन क्रोशाने विणून विनामूल्य देतात. तेथेही आधी माप विचारले जाते, मग सुई हाती घेतली जाते.

विणणारी व्यक्ती कोणतेही काम धरण्यापूर्वी एक लहान चौकोन विणून टाके मोजते, हे आम्हांला बाईंनी सांगितले. त्या चौकोनाचा स्वेटर होत नाही. पण तो न विणता केलेला स्वेटर बहुधा उसवावा लागतो. आमची आपणांस एवढीच विनंती आहे की, देणगी देण्यापूर्वी एकदा विचारावे. आणि आम्ही आपणांस खरे उत्तर द्यावे, हे आमच्याकडे लागले.

त्याप्रमाणे आजच सांगतो. टोपडी यंदा पुरेशी आहेत. जुन्या, मऊ, स्वच्छ धुतलेल्या सुती धोतर-लुगड्यांची दुपटी कमी आहेत. लांबी-रुंदी एक मीटर, कडा शिवलेल्या, रंग न जाणारा. विभागाच्या दाराशी नमुना टांगला आहे. तो पाहून जावे.

बाईंच्या नव्या वहीची पहिली नोंदही दुपट्यांचीच आहे. त्या आज सभागृहात आहेत. शाल-श्रीफळ आणू नये असे त्यांनी बजावल्याने आम्ही आणलेले नाही. नोंदवहीतील पाचव्या रकान्याचे पहिले पान तेवढे त्यांना वाचावयास दिले आहे.