वारा पश्चिमेचा, वस्ती पूर्वेची

(नगर जिल्ह्यातल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मानवी भूगोलावर बोल म्हणालात. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला गोदी कामगार. प्राध्यापकी मला जमणार नाही. पुस्तकातले चार शब्द घेतो आणि तुमच्या जिल्ह्याच्या जमिनीवर नारळासारखे आपटून बघतो. जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. गावकूस होतं तिथंच आहे.

पहिला शब्द वस्ती. पुस्तक म्हणतं, वस्ती केंद्रित असते, विखुरलेली असते, रेषाकृती असते. पाण्याजवळ माणसं जमली, गाव झालं. खरंय. प्रवरेकाठी दायमाबादला खोदलं तेव्हा तीन-चार हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. इथवर पुस्तकाशी भांडण नाही.

पण पांढरीवर गाव, काळीत शेत आणि कुसाबाहेर आपण, ही चौथी तऱ्हा पुस्तकात कुठंय? दिशा बघा. सह्याद्री पश्चिमेला. पावसाळी वारा तिकडून येतो, प्रवरा पूर्वेकडं वाहते. आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत महारवाडा पूर्वेला! आपल्या अंगावरचा वारा गावावर जाऊ नये. पाणी आधी त्यांनी भरावं, खालचं आपण प्यावं. डोंगराला जात नाही, नदीला नाही. पण जागा वाटणाऱ्या हाताला होती, आणि तो हात नकाशात छापत नाहीत. वर म्हणायचं काय, तर 'मानवी' भूगोल!

डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातिवाचक नावं काढा. समतानगर, भीमनगर म्हणा. चांगलं झालं. पत्ता सांगताना पोराची मान खाली जाणार नाही. पण पाटी बदलली म्हणून वाऱ्याची दिशा बदलत नाही.

दुसरा शब्द सीमा. आपल्या बोलीत शिव. शिवेचा दगड कुठं, ओढा कुणाचा, हे महाराला तोंडपाठ. दोन गावं भांडली की महाराची साक्ष. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्यालाच कुसाच्या आत घर नाही. त्याबदल्यात वतनाचा तुकडा आणि रात्रंदिवस राबणूक. बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. डिसेंबर 1939 मध्ये ते वतनदारांच्या परिषदेला इथं आले, श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावला. वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं. आणि त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये चोरीच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. भूगोलात याला काय म्हणतात, मास्तरांना विचारा.

तिसरा शब्द स्थलांतर. ढकलणारे घटक, ओढणारे घटक. दुष्काळ ढकलतो, शहर ओढतं. जसं काय माणूस म्हंजे लोखंडाचा कीस! अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. तिथं भंडारदऱ्याचं धरण 1926 ला पुरं झालं, पाणी पाटानं खाली उसाला गेलं. 1950 च्या सुमाराला लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याची कौतुकं पुस्तकात आहेत. पण पाथर्डीकडं पर्जन्यछाया. दिवाळी झाली की तिथलं बिऱ्हाड उसाच्या फडाकडं निघतं. पुस्तक म्हणतं, हंगामी स्थलांतर. तो माणूस म्हणतो, कोयत्याला चाललो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन जीव, पण मोजताना एक हत्यार. मुकादमाची उचल पावसाळ्यातच खाऊन झालेली असते. आता सांगा, उचल हा ढकलणारा घटक की ओढणारा? मला तर तो गळ्यातला दोर दिसतो, दुसरं टोक मुकादमाच्या हातात.

शेवटचा शब्द माझ्या धंद्यातला. पृष्ठप्रदेश. बंदराच्या पाठीमागचा, बंदराला माल पुरवणारा मुलूख. मुंबईच्या नावापुढं कापूस लिहितात, साखर लिहितात. माणसं लिहीत नाहीत. पृष्ठ म्हंजे पाठ, दोस्तांनो. साखरेची 50 किलोची गोणी घेतली की शब्दकोश लागत नाही. ऊस तोडणारा याच मुलखाचा, गोणी उचलणारे कितीतरी याच मुलखाचे. मालाच्या यादीत साखर आहे, पाठ नाही.

आता काम सांगतो. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकानं आपल्या गावाचा नकाशा काढून आणायचा. तलाठ्याचा नको, स्वतः चालून काढलेला. पश्चिम कुठं, पाणी कुठं, आपली घरं कुठं. नळ आधी कुठल्या गल्लीत येतो ते लिहा. स्मशानं दोन असतील तर दोन्ही दाखवा, आणि आपल्या स्मशानाला रस्ता आहे का तेही.