सातचा भोंगा



२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातच राहिला. फेसबुक, इन्स्टाग्रामवर वयाची अट १३ वर्षांची. मुले जन्मसाल खोटे लिहून आत शिरतात. पुस्तकाचा धडा संपतो, अंधार पडला की मैदानातला खेळही संपतो. तिथल्या चित्रफिती मात्र संपत नाहीत. त्यापायी झोप मोडते, वर्गात लक्ष लागत नाही, आणि मूल आपली किंमत 'लाईक' मोजून ठरवू लागते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक उपाय केला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवायचा आणि दीड तास घरोघरचे टी.व्ही., मोबाईल बंद ठेवायचे. नियम मुलांना तसाच थोरांनाही. यातच त्याचे बळ होते.

आपल्या नागपुरातील वस्त्यांत अनेकांचे घर एका खोलीचे. बाप मोबाईल पाहत बसला, तर शेजारी मुलाने वाचावे कसे? म्हणून आम्ही सुचवितो की, ७ ते ८.३० हा नेम आपणही धरावा. विहारातील अभ्यासिका तेवढा वेळ उघडी ठेवू. मात्र मोबाईल आधी थोरांनी खाली ठेवावा.

 जय भीम.