प्लग आधी हातात

(गतवर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल याच जागी नाट्यसंगीताची मैफल झाली. उद्या पाककला स्पर्धा आहे. मधल्या दिवशी आमची पाळी आली आहे, आणि आमचा विषय आहे वाफेच्या मशीनची कॉइल कशी साफ करावी. सचिवांना विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "हाच ना?" आम्ही म्हटले, हाच. का, ते ओघात येईलच.

आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत आहोत. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. सरकारी इमारतींची वायरिंग, पंप, पंखे आणि अर्थिंग पाहणे हे आमचे काम. आम्ही डॉक्टर नाही. वाफ कोणी घ्यावी, किती घ्यावी, हे आपापल्या डॉक्टरांना विचारावे. मशीनपुरते आम्ही बोलू.

हे मशीन आता घरोघरी आहे. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी कोरोनाच्या दिवसांत घेतले. वर्षभर ते कपाटावर धूळ खात पडते आणि भाद्रपदात खाली येते. पाऊस सरत आलेला असतो, सर्दीची साथ असते, त्यात दहा दिवस आरत्या म्हणून घसे बसलेले असतात. मशीन खाली काढतो, तेव्हा आत डोकावून कोण पाहते? पाणी घातले, बटण दाबले, झाले.

आता पाण्याचे बोलू. आपल्या इंदुरात पाणी दोन प्रकारचे, एक नर्मदेचे आणि एक बोरिंगचे. नर्मदेचे पाणी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले. त्याआधीची यशवंत सागराची आणि टँकरची आठवण इथल्या ज्येष्ठांना असेल. पण नळ एक दिवसाआड येतो, म्हणून बहुतेक घरांत बोरिंगही आहे. माळव्याच्या काळ्या खडकातून वर येणारे हे पाणी जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. हे सगळे गृहिणींना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी थंड असेपर्यंत ते दिसत नाहीत. तापले की त्यातल्या कॅल्शियमचा चुनखडीसारखा पदार्थ होतो आणि तो जिथे सर्वांत जास्त गरम असेल तिथे जाऊन बसतो. मशीनमध्ये सर्वांत गरम जागा म्हणजे कॉइल. म्हणून थर भांड्याला कमी आणि कॉइलला जास्त.

हा थर म्हणजे मळ नव्हे, तिथेच आपली चूक होते. आपण म्हणतो, असू दे, पाणीच तर उकळायचे आहे. पण कॉइलची रचना पाहा. बाहेर धातूची नळी, तिच्या मधोमध नायक्रोमच्या तारेचे वेटोळे, आणि तार नळीला लागू नये म्हणून दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवून धरते. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. इस्त्री, गीझर, टोस्टर या सगळ्यांच्या पोटात तीच तार.

तारेची उष्णता पाण्याने सतत ओढून घ्यावी, या हिशेबावर ही रचना चालते. वर चुनखडीचा थर बसला की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी उशिरा उकळते, वाफ कमी येते, आणि आत नळी मात्र नको तेवढी तापते. तापून, गार होऊन, पुन्हा तापून तिला बारीक चीर जाते. चिरेतून पाणी भुकटीत शिरते. भुकटी ओली झाली की ती वीज अडवू शकत नाही. मग वीज भांड्यातल्या पाण्यात उतरते. बाहेरून काही दिसत नाही. मशीन चालू असते, वाफही येत असते.

हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. घरात कळले ते तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत.

आमच्या आईला दम्याचा थोडा त्रास आहे. थंडीत डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सकाळी वाफ घेते. आमच्याकडचे मशीन स्टीलच्या भांड्याचे, तीन पिनांच्या प्लगचे. आईच्या खोलीतला सॉकेट जुना, दोन पिनांचा. आम्ही काय केले? महाराणी रोडवरून एक कन्व्हर्टर आणला, तीन पिनांचा प्लग त्यात खोचला, आणि म्हटले, पुढच्या रविवारी सॉकेट बदलू. तिसरी पिन अर्थिंगची. ती कन्व्हर्टरमध्येच संपली. जो माणूस दिवसभर सरकारी इमारतींत अर्थिंग नाही म्हणून शेरे मारतो, त्याच्या आईच्या खोलीत अर्थिंग नव्हते. तो रविवार दोन वर्षे आला नाही.

त्या सकाळी वाफ येईना. कॉइलवर बोटभर पांढरा थर होता, हे आम्ही नंतर पाहिले. आईला वाटले पाणी कमी पडले. बटण चालूच ठेवून तिने तांब्याने पाणी ओतले. तांब्या भांड्याच्या कडेला टेकला. पाय ओल्या फरशीवर होते. आम्ही शेजारच्या खोलीत दाढी करत होतो. आवाज ऐकून धावलो तेव्हा ती पलंगाच्या कडेशी पडलेली होती. हात झटकला गेला म्हणून सुटली. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. चिकटून राहिली असती तर आज आम्ही हे भाषण करत नसतो.

शुद्धीवर येताच ती काय म्हणाली, सांगू? "माझंच चुकलं रे." आम्हाला ते वाक्य अजून ऐकू येते. चूक तिची नव्हती.

कोणी विचारेल, एमसीबी का पडली नाही? सहा अँपिअरची एमसीबी सहा अँपिअरच्या वर गेल्यावर पडते. माणसाच्या छातीतून एका अँपिअरचा दहावा भाग गेला तरी जीव जाऊ शकतो. एमसीबी तारा वाचवते. माणूस वाचवायला वेगळे यंत्र लागते. त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ते सारखी ताडून पाहते, आणि ३० मिलीअँपिअरचा फरक पडला तर डोळ्याचे पाते लवण्याआधी पुरवठा तोडते. आपल्या जुन्या वाड्यांत आणि घरांत ते बहुधा नसते. आमच्याही नव्हते. आता आहे. त्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. पुरवठा तुटला तर यंत्र जिवंत आहे.

आता साफसफाई. एक गोष्ट सर्वांच्या आधी: प्लग काढून हातात घ्यायचा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कित्येकदा न्यूट्रलवर बसवलेले असते, तिथे बटण बंद करूनही मशीनमध्ये वीज असते. प्लग आपल्या डोळ्यांसमोर असला म्हणजे दुसरे कोणी चुकून लावणार नाही.

मग मशीन पूर्ण गार होऊ द्यावे आणि आत पाहावे. वळलेली नळी किंवा तळाशी गोल चकती दिसली तर ते कॉइलचे मशीन. प्लॅस्टिकच्या स्वस्त मशीनमध्ये कित्येकदा कॉइल नसते, दोन पट्ट्या किंवा काड्या असतात. त्यात वीज सरळ पाण्यातून जाते, म्हणजे मशीन चालू असताना पाणीच जिवंत तार असते. त्यात बोट घालून पाणी तापले का पाहणे म्हणजे सॉकेटमध्ये बोट घालणे. वाफ कमी आली की लोक त्यात मीठ वाढवतात. मीठ जास्त झाले की वीज एकदम वाढते आणि उकळते पाणी बाहेर उडते. कंपनीने चिमूटभर सांगितले असेल तर चिमूटभरच. आधी पट्ट्यांवरचा थर काढा, बहुतेक वेळा मिठाची गरजच उरत नाही.

थर काढायला बाजारातले काही महागडे लागत नाही. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की पांढरा डाग पडतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. फरशीही चुनखडीची आणि कॉइलवरचा थरही चुनखडीचा. जे लिंबू फरशीला खाते ते थरालाही खाते. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवावे. नसेल तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग. कॉइल बुडेल इतके ओतावे आणि अर्धा तास ठेवावे. बुडबुडे येतील, ते थर विरघळत असल्याची खूण. मग जुन्या मऊ टूथब्रशने हलके घासावे. थर जुना असेल तर पुन्हा एकदा. पट्ट्यांच्या मशीनचा फक्त खालचा भाग बुडवावा. वायरीचा जोड आणि बटण कधीही ओले करू नये.

नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून, पुसून, एक दिवस उघडे वाळवावे. पहिल्यांदा साधे पाणी उकळून ती वाफ खिडकीशी सोडून द्यावी, नाकात घेऊ नये. बोरिंगचे पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नर्मदेचे असेल तर थर दिसू लागताच हे करावे. वापर झाल्यावर मशीन गार करून उरलेले पाणी ओतून टाकावे. कॉइलच्या मशीनमध्ये आरओचे पाणी वापरले तर थर फारच कमी बसतो.

काय करू नये, तेही सांगतो. सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये, नळीला ओरखडे पडतात आणि तिथूनच ती जाते. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये, ते थरासोबत धातूही खाते. त्यात ब्लीचिंग मिसळले तर विषारी क्लोरीन निघतो. बाम किंवा निलगिरीचे तेल पाण्यात टाकू नये, त्याचा चिकट थर कॉइलवर जळून बसतो. त्यासाठी वेगळी वाटी दिलेली असेल तर तिच्यात घालावे. पाणी संपल्यावर मशीन चालू राहू देऊ नये. आणि साफ करूनही झिणझिणी आली, नळीला चीर किंवा फुगवटा दिसला, तर मशीनचा मोह सोडावा. ते दुरुस्त करून आईवडिलांना देण्याची वस्तू नव्हे.

घरात लहान मूल असेल तर मशीन जमिनीवर किंवा मांडीवर नको, वायर टेबलावरून लोंबती नको. वाफेने किंवा उकळत्या पाण्याने भाजले तर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. मग डॉक्टर.

बादलीतल्या रॉडलाही हेच सगळे लागू. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात एक तरी आहेत. गीझर मात्र घरी उघडू नका, ते मेकॅनिकचे काम.

आई आता बरी आहे. आज इथे तिसऱ्या ओळीत बसली आहे. प्लास्टर निघाल्यावर तिने वाफ घेणे सोडले होते, चुलीवरचे पातेले बरे म्हणायची. पातेले उलटून भाजण्याचा धोका वेगळाच. आम्ही सॉकेट बदलला, आरसीसीबी लावली, नवीन मशीन आणले, तरी ती हात लावेना. मग एके दिवशी आम्ही तिच्यासमोर बसून प्लग काढला आणि तिच्या हातात दिला. म्हटले, हा तुझ्या हातात असेपर्यंत मशीन काही करू शकत नाही. तेव्हापासून पाणी घालायचे असले की ती आधी प्लग काढते, डाव्या हातात धरते आणि मगच तांब्या उचलते. सुनेलाही तसेच शिकवले आहे.

मंडळाने परवानगी दिली आहे. उद्या सकाळच्या आरतीनंतर आम्ही मल्टिमीटर आणि मेगर घेऊन याच सभागृहात बसतो. घरातले वाफेचे मशीन, रॉड, जे असेल ते पिशवीत घालून आणा. वीज उतरते की नाही ते पाहून देऊ. लिंबाचे फूल आम्ही आणतो. येताना पाणी ओतून आणा.

गणपती बाप्पा मोरया!