दमलेले हृदय आणि दुखणारी पोटरी
(भौतिकोपचार शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



‘हार्ट फेल्युअर’ या शब्दानेच रुग्णाचे निम्मे अवसान गळते. ‘फेल’ म्हणजे बंद पडले, असा अर्थ घरची मंडळी घेतात. वस्तुतः हृदय चालूच असते. मात्र शरीराला हवे तितके रक्त ते पुढे लोटू शकत नाही, अथवा लोटते ते आतील दाब वाढवूनच. निरोगी हृदयाचा डावा कप्पा आपल्यातील साधारण ५५ ते ७० टक्के रक्त एका आकुंचनात बाहेर टाकतो. हे प्रमाण ४० टक्के वा त्याहून कमी झाले की आकुंचनशक्ती घटली असे मानतात. परंतु प्रमाण चांगले असूनही हृदय ताठर झाल्यामुळे दम लागणारे रुग्ण पुष्कळ आहेत. तेव्हा अहवालातील एका आकड्यावर विसंबू नये.

रक्त मागे तुंबले की फुप्फुसांत व पायांत पाणी साचते. म्हणून रुग्णाला आधी विचारावे, ‘रात्री किती उशा घेता?’ एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशांवर आला, तर ती गोष्ट कोणत्याही यंत्राइतकीच बोलकी होय. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढले, तर ते अंगी लागलेले अन्न नव्हे, पाणी आहे. त्या दिवशी व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवावे.

एके काळी हृदयरुग्णास अंथरुणावर खिळवून ठेवीत. झटका आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याच्या या प्रथेला सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ च्या सुमारास छेद दिला. त्यांनी रुग्णांना खुर्चीत बसविले. दुबळ्या हृदयाच्या बाबतीत मात्र विश्रांतीचा आग्रह पुढेही बराच काळ टिकला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, २,३३१ रुग्णांवरील चाचणीत स्थिर प्रकृतीच्या रुग्णांना व्यायाम सुरक्षित असल्याचे दिसले. आयुष्य किती वाढते याचे उत्तर तितके ठाम मिळाले नाही, पण जगणे काहीसे सुसह्य झाले. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झडतात आणि मग चार पावलांनीही धाप लागते. या दुष्टचक्रात तुमचे काम आहे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी श्रमाच्या मानाने वाढत नाही, म्हणून नाडीवर व्यायाम ठरवू नये. चालताना बोलता यावे, इतपतच श्रम असावेत.

आता पोटरीकडे वळू. ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत वांब येतो, उभे राहताच काही मिनिटांत ओसरतो. बाजाराच्या वाटेवर तो माणूस दर वेळी त्याच वडाखाली थांबतो. ही रोहिणी अरुंद झाल्याची खूण होय. कण्यातील नस दबली असेल, तर नुसते उभे राहून भागत नाही, बसावे वा वाकावे लागते. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्यास दंडाच्या आकड्याने भागावे. उत्तर ०.९० वा कमी आले तर निदान पक्के समजावे. मधुमेह्यांच्या रोहिण्या कडक झाल्याने ते १.४० च्याही वर जाऊ शकते. त्याने फसू नये.

यावर उपाय चालणे हाच आहे. दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. बिडी व तंबाखू सुटल्याशिवाय मात्र या कष्टांचे चीज होत नाही. पाय गार पडतो म्हणून घरोघरी विटेचा शेक देतात. ज्या पायाला रक्त कमी आणि मधुमेहाने संवेदना कमी, तो भाजल्याचे रुग्णास कळत नाही, आणि ती जखम भरूनही येत नाही. असा शेक देऊ नये, हे घरच्यांना बजावून सांगावे.

आणखी एक पोटरी आहे. प्रसूतीनंतर, प्लॅस्टरनंतर वा दीर्घ आजारानंतर एकच पाय सुजतो, तापतो, दाबल्यास दुखतो. गावात लगेच तेल लावून रगडणारे हात पुढे येतात. खोल नीलेत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि माणूस दगावू शकतो. अशा पायाला मालिश करू नये, पट्टीही आपल्या मनाने बांधू नये; त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, त्याला चालवण्यास बहुधा हरकत नसते.