लेकीला लस, आईची तपासणी
(महिला मंडळाच्या सभेत आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)



तांबी, गोळ्या, शस्त्रक्रिया यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज एका लसीविषयी सांगायचे आहे. गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग या लसीने टाळता येतो. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ८० हजार दगावल्या, असा अंदाज आहे.

हा रोग होतो कशाने? देवाच्या कोपाने नव्हे. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून लागतो. तो इतका सर्रास आढळतो की, बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी लागतोच. एकनिष्ठ बाईलाही तो लागू शकतो. तेव्हा कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. पुष्कळदा एक-दोन वर्षांत तो आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात मात्र ठाण मांडतो आणि बहुधा पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग डोके वर काढतो. निरोधने धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही. तांबी आणि शस्त्रक्रिया गर्भ राहू देत नाहीत, विषाणूला अडवत नाहीत.

“एवढ्याशा पोरीला ही लस कशाला? तिचं लग्न तरी कुठं झालंय?” असे पुष्कळजणी विचारतात. अहो, बियाण्याला औषध आपण पेरणीआधीच चोळतो ना? कीड पडल्यावर चोळून काय उपयोग? ही लस रोग टाळते, आधीच लागलेला विषाणू बरा करत नाही. म्हणून ९ ते १४ हे वय उत्तम. या वयात एक किंवा दोन मात्रा पुरतात. लस देणे म्हणजे मुलीवर संशय घेणे नव्हे, तिची काळजी घेणे होय.

दुसरी शंका, “पुढं मूल होणार नाही म्हणतात!” हे खरे नाही. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचासारखे प्रथिन असते. लसीने वांझपण येत नाही. उलट या कर्करोगावर उपचार करताना कित्येकींची गर्भपिशवीच काढावी लागते. ते संकट लसीने टळते. टोचल्यावर दंड दुखेल, कणकण वाटेल, एखादीला चक्कर येईल. म्हणून पोरीला जेवू घालून आणा आणि टोचल्यावर थोडा वेळ तिथेच बसवा. २००६ सालापासून ही लस जगात वापरात आहे. पुण्यात तयार झालेल्या लसीलाही २०२२ साली परवानगी मिळाली.

आता आयांनो, तुमच्याविषयी. तिशी ओलांडलेल्या बाईने तपासणी करून घ्यावी. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात या विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तपासणी करावीच. संबंधानंतर रक्त गेले, पाळी बंद झाल्यावर पुन्हा दिसू लागले, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर लाजू नका, दवाखाना गाठा.

बंधूंनो, घरात अखेरचा शब्द पुष्कळदा तुमचा असतो. तो “हो” असू द्या. लस कोठे व केव्हा मिळेल, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

लेकीला लस वेळेवर, आईची तपासणी वेळेवर,
सुखी संसार उभा राहील निरोगी पायावर!