रस्ता एकेरी, सायकल दुहेरी



आपल्या भंडारा जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. काही बायाही सांबाराच्या जुड्या, वांगी घेऊन सायकलनेच बाजार गाठतात. पण शहरात शिरलं, की एखाद्या गल्लीच्या तोंडाशी पाटी असते : 'प्रवेश बंद'. रस्ता एकेरी. शाळा समोर दिसते, पण जायचं वळसा घालून, ट्रक धावतात त्या मोठ्या रस्त्यानं. मोटारीला तो वळसा दोन मिनिटांचा. पायडल मारणाऱ्या पोरीला मात्र दम लागतो आणि जिवाला घोरही. मग ती गुपचूप उलटी शिरते आणि बोलणी खाते.

यावर उपाय आहे. बेल्जियममध्ये 2004 पासून असा नियम आहे, की एकेरी रस्ता किमान 3 मीटर, म्हणजे साधारण 10 फूट रुंद असेल, वेगमर्यादा 50 किंवा त्याहून कमी असेल आणि खास धोका नसेल, तर सायकलला दोन्ही बाजूंनी जाऊ द्यायचं. फ्रान्सनेही 2008 मध्ये ताशी 30 किलोमीटर मर्यादेच्या भागांत अशी मुभा दिली. पाटीखाली फक्त लिहायचं : 'सायकल सोडून'.

तुम्ही म्हणाल, धडक होईल ना! पण समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते आणि आपण तिला. खरा धोका कोपऱ्यावर असतो, कारण वळणारा एकाच बाजूला बघतो. म्हणून दोन्ही टोकांना पाटी हवी, रस्त्यावर सायकलचं चित्र हवं, कोपऱ्यावर उभ्या गाड्या नकोत. महामार्गावर आणि जड वाहनांच्या रस्त्यावर तर ही मुभा नकोच.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 नुसार सरकार किंवा त्यानं नेमलेले अधिकारी वाहनांवर असे निर्बंध घालतात. त्या आदेशातच सायकलला सूट मागता येते. गटाच्या बैठकीत अर्ज लिहा. गल्ली कोणती, रुंदी किती, किती मुली किती वाजता जातात, वळसा किती पडतो, हे मोजून मांडा. जिल्हाधिकारी, वाहतूक पोलीस आणि नगर परिषद, तिघांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

आणि तोवर? पाटी पाळायची. सायकलवरून उतरा, हातात धरा, कडेकडेनं चाला. पोरींनाही हेच सांगा.

सायकल तर दारात आली, आता तिला वाट मिळवून देऊ.